डेंग्यूत प्लेटलेट्स उतरल्या, तरी डॉक्टरांनी त्या का चढवल्या नाहीत?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत कुठे चुकली असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुमच्या आईंना, वय ५२, वजन ५६ किलो, गेल्या महिन्यात डेंग्यू झाला. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्याच संध्याकाळी प्लेटलेट्स ४२,००० आल्या आणि डॉक्टरांनी त्यांना अतिदक्षता विभागात हलवले. तुम्ही भर पावसात भांडुपपासून परळपर्यंत रक्तपेढ्या पालथ्या घातल्या, स्वतः एक पिशवी रक्त दिले, आणि एवढे करून डॉक्टर म्हणाले की प्लेटलेट्स चढवायची गरज नाही, सलाइन चालू ठेवू आणि दर सहा तासांनी रक्त तपासू. दुसऱ्या दिवशी काउंट २४,०००पर्यंत घसरला तरी ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. नवव्या दिवशी आई घरी आल्या, पण तुमचे मामा अजूनही रुग्णालयाने हलगर्जीपणा केला असेच म्हणतात. जे कमी झाले ते भरून काढायला नको होते का, ताप गेल्यावर अतिदक्षता विभाग कशासाठी, आणि मी दिलेले रक्त आईला का दिले नाही, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी मुंबईतल्या एका रक्तपेढीत २६ वर्षे काम करते आहे, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात आमच्या काउंटरवर रात्री उभ्या राहणाऱ्या दहा माणसांपैकी निम्मी तुमच्यासारखीच, हातात एका आकड्याचा कागद घेऊन आलेली असतात. आईंना मी तपासलेले नाही. तुम्ही जे रिपोर्ट लिहून पाठवले आहेत त्यांच्यावरूनच मी बोलते आहे. त्यांना कुठून रक्तस्राव होत असता, हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असत्या, यकृताचा जुना आजार असता, किंवा रुग्ण गरोदर असती, तर माझे उत्तर वेगळे झाले असते. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला एक गोष्ट स्वच्छ दिसते: तुम्ही सगळे प्लेटलेट्सकडे पाहत होता आणि डॉक्टर रक्तद्रवाकडे पाहत होते. आईंच्या शरीरात त्या दोन दिवसांत जे धोकादायक रीतीने कमी झाले ते प्लेटलेट्स नव्हत्या.

हे समजण्यासाठी रक्ताची पिशवी सेंट्रिफ्यूजमध्ये जोराने फिरवून बाहेर काढल्यावर कशी दिसते, ते डोळ्यांपुढे आणा. आत ठेवताना ती एकसारखी गडद लाल असते. बाहेर येते तेव्हा तिच्यात थर पडलेले असतात. तळाशी काळपट लाल, दाट थर तांबड्या पेशींचा. वर गवताच्या वाळल्या काडीसारखा पिवळसर, पारदर्शक द्रव, म्हणजे रक्तद्रव, ज्याला आम्ही कामाच्या बोलण्यात प्लाझ्माच म्हणतो. आणि दोहोंच्या मध्ये, उजेडात धरून पाहिले तरच दिसेल अशी, दुधाच्या सायीसारखी पांढुरकी पातळ रेघ. त्या रेघेत पांढऱ्या पेशी आणि बहुतेक प्लेटलेट्स असतात. (दात्याने रक्त देण्याआधी भरपूर तेलकट खाल्ले असेल तर वरचा प्लाझ्मा पिवळा न दिसता ताकासारखा गढूळ दिसतो, आणि त्याने काय खाल्ले असेल यावर आमच्या तंत्रज्ञांच्या पैजा लागतात.)

निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तात साधारण ५५ टक्के प्लाझ्मा आणि ४५ टक्के पेशी असतात, आणि त्या ४५ टक्क्यांत जवळजवळ सगळ्या तांबड्याच. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स मिळून एक टक्काही भरत नाहीत. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे थेंबाच्या सुमारे पन्नासाव्या हिश्श्यात, ४५ ते ५५ लाख तांबड्या पेशी, ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी आणि दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. तांबड्या पेशी हिमोग्लोबिनच्या जोरावर प्राणवायू वाहतात आणि सुमारे १२० दिवस जगतात. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात. प्लेटलेट्स या खरे तर पूर्ण पेशीही नव्हेत. अस्थिमज्जेतल्या एका अवाढव्य पेशीचे ते तुटलेले तुकडे असतात, आठ-दहा दिवस टिकतात, आणि रक्तवाहिनीला भोक पडले की तिथे चिकटून बूच बसवतात. हे सगळे शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात ज्याला एकच ओळ मिळते तो प्लाझ्मा मात्र आपल्या विषयाचा गाभा आहे.

प्लाझ्मात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, साधारण सात टक्के प्रथिने असतात, आणि उरलेल्यात क्षार, साखर, संप्रेरके, युरिया वगैरे. प्रथिनांपैकी फायब्रिनोजेन रक्त गोठवायला लागते, ग्लोब्युलिनमध्ये रोगप्रतिकारक प्रतिपिंडे येतात, आणि सगळ्यांत अधिक प्रमाणात असते ते अल्ब्युमिन. या अल्ब्युमिनचे एक काम असे आहे की ते बंद पडल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही: ते पाण्याला रक्तवाहिनीच्या आत धरून ठेवते.

हृदय एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते, विश्रांतीच्या स्थितीत मिनिटाला साधारण पाच लिटर, म्हणजे शरीरातले सगळे रक्त जवळजवळ दर मिनिटाला एक फेरी पूर्ण करते. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून निघालेले रक्त महारोहिणी, लहान रोहिण्या असे करत शेवटी केशवाहिन्यांत शिरते आणि तिथून नीलांमधून उजव्या कप्प्यात, मग फुप्फुसांत आणि परत डावीकडे येते. विल्यम हार्वे याने १६२८ साली हे अभिसरण मांडले तेव्हा रोहिणीतले रक्त नीलेत नेमके कुठून जाते हे त्याला पाहता आले नव्हते; १६६१ साली माल्पिघी याने बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि ती साखळी जुळली. या केशवाहिन्या इतक्या अरुंद असतात की सात-आठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या तांबड्या पेशीला कित्येकदा अंग दुमडून, एकामागे एक, जावे लागते, आणि त्यांची भिंत अवघ्या एका पेशीच्या जाडीची असते. ती पातळ असते म्हणूनच प्राणवायू आणि अन्न तिच्यातून बाहेर जाऊ शकते. त्याच भिंतीतून रक्ताच्या दाबामुळे पाणीही बाहेर जाऊ पाहते, आणि आत राहिलेले अल्ब्युमिन ते परत आत ओढते. ही रस्सीखेच अर्नेस्ट स्टार्लिंग याने १८९६ मध्ये समजावून सांगितली. जे थोडे पाणी बाहेर राहते ते लसिकावाहिन्यांतून पुन्हा रक्तात येते आणि हिशेब जुळतो.

डेंग्यूत नेमकी ही भिंत बिघडते. पहिल्या दिवसांत तुम्ही ज्या ‘एनएस१’ची चाचणी केलीत ते विषाणूचेच एक प्रथिन आहे, आणि ते केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करते असे प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसले आहे; त्यात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराने सोडलेल्या रसायनांचीही भर पडते. अस्तर सैल झाले की पाण्याबरोबर अल्ब्युमिनही बाहेर झिरपते, म्हणजे रस्सीखेचीत आतल्या बाजूने ओढणाराच बाहेर निघून जातो. हा द्रव पोटात आणि फुप्फुसांभोवती साठतो. तांबड्या पेशी मोठ्या असल्याने त्या आतच राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला रक्ताचा एक थेंबही सांडलेला दिसत नाही, पण वाहिन्यांमधले रक्त आटत जाते.

आता तुम्ही पाठवलेल्या आकड्यांवर येते. दोन महिन्यांपूर्वीच्या आईंच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.८ आणि पीसीव्ही ३३ होता. पीसीव्ही म्हणजे रक्ताच्या एकूण आकारमानात तांबड्या पेशींनी व्यापलेला शेकडा भाग, पिशवीतला तो तळाचा थर. ताप उतरला त्या संध्याकाळी हाच पीसीव्ही ४१ झाला होता. रिपोर्टवर ४१ या आकड्यापुढे कोणतीही खूण नव्हती, कारण बाईमाणसासाठी तो ‘नॉर्मल’च असतो, आणि तुमच्या मामांनी तर तो वाचून ‘रक्त वाढले आहे’ असे म्हटल्याचे तुम्ही लिहिले आहे. रक्त वाढले नव्हते. ५६ किलो वजनाच्या बाईच्या शरीरात अंदाजे ३.६ लिटर रक्त धरू. त्याचे ३३ टक्के म्हणजे १.२ लिटर पेशी आणि २.४ लिटर प्लाझ्मा. चार-पाच दिवसांत पेशी काही फारशा वाढत नाहीत, त्या १.२ लिटरच राहिल्या. त्या १.२ लिटर पेशी जर आता एकूण रक्ताच्या ४१ टक्के झाल्या असतील, तर एकूण रक्त २.९ लिटरच उरले. म्हणजे ७०० मिलिलिटर प्लाझ्मा वाहिन्यांतून निघून गेला होता, तुम्ही रक्तपेढीत दिलेल्या ३५० मिलिलिटरच्या पिशवीच्या दुप्पट, आणि तोही न सांगता. हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा अचूक दाखवतो. पीसीव्ही मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढणे ही गळतीची सर्वमान्य खूण आहे, आणि आईंचा तो २४ टक्क्यांनी वाढला होता.

आपल्याकडे रक्तक्षय असलेल्या स्त्रियांची संख्या इतकी मोठी आहे की हा सापळा मी वारंवार पाहते. मुळात पीसीव्ही ३३ असलेल्या बाईचा तो ४१ झाला तरी छापील मर्यादेत बसतो, आणि जुना रिपोर्ट कोणी मागितलाच नाही तर गळती कोणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वीचा कागद मागवला, हे तुम्ही सहज ओघात लिहिले आहे. माझ्या मते त्या नऊ दिवसांतली ती सर्वांत मोलाची गोष्ट होती.

रक्तदाबाचेही तसेच. त्या रात्रीची नोंद १०४/८६ आहे, आणि तुम्ही विचारता की १०४ म्हणजे काही फार कमी नव्हे. वरचा आकडा एकटा पाहू नये. वाहिन्यांत द्रव कमी झाला की हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात बाहेर पडणारे रक्त घटते, म्हणून वरचा आकडा हळूहळू उतरतो. मेंदू आणि हृदय यांना रक्त पुरावे म्हणून शरीर हातापायांच्या वाहिन्या आवळून धरते, म्हणून खालचा आकडा चढतो. दोन्ही आकडे एकमेकांकडे सरकतात. त्यांतले अंतर २० किंवा त्याहून कमी झाले की डेंग्यूच्या रुग्णाबाबत आम्ही ते धोक्याचे मानतो, आणि आईंचे अंतर १८ होते. हात गार पडले होते असे तुम्ही लिहिता, ते याच आवळण्यामुळे. नख दाबून सोडल्यावर त्याचा गुलाबी रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. परिचारिका पुन्हा पुन्हा आईंचे बोट दाबून पाहत होती ती हेच पाहत होती. लघवी मोजून घेत होते तेही त्याचसाठी, कारण रक्त कमी पोहोचले की मूत्रपिंड लगेच हात आखडते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आले. ही गळती तापाच्या ऐन भरात होत नाही. ती बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरू लागतो तेव्हा सुरू होते आणि २४ ते ४८ तास चालते. घरच्यांना वाटते आजार गेला, आणि नेमक्या त्याच वेळी पोटात सतत दुखणे, थांबत नाही अशी उलटी, गळून गेल्यासारखी किंवा बेचैन अवस्था, हिरड्यांतून वा नाकातून रक्त अशी धोक्याची लक्षणे दिसू लागतात. आईंना अतिदक्षता विभागात नेले ते काउंट ४२,००० होता म्हणून नव्हे; पीसीव्ही ४१ आणि रक्तदाबातले अंतर १८ होते म्हणून.

थोडक्यात, इथवर: आईंना द्रवाची गरज होती, तो त्यांना सलाइनमधून, मोजून मापून, दर सहा तासांच्या पीसीव्हीवर नजर ठेवून दिला गेला, आणि तेच त्यांचे खरे औषध होते.

मग प्लेटलेट्स चढवून आणखी बरे झाले नसते का? आधी त्या का कमी होतात ते पाहू. डेंग्यूचा विषाणू अस्थिमज्जेचे काम काही दिवस मंदावतो, म्हणून नव्या प्लेटलेट्स कमी तयार होतात. शिवाय रक्तात असलेल्या प्लेटलेट्स शरीराचा प्रतिकारच नष्ट करत असतो. बाहेरून चढवलेल्या प्लेटलेट्सच्या वाट्यालाही तेच येते. एका दात्याच्या साध्या पिशवीतून काढलेल्या प्लेटलेट्स एरवी काउंट पाच ते दहा हजारांनी वाढवतात, यंत्रावर एकाच दात्याकडून घेतलेल्या तीस ते पन्नास हजारांनी. पण डेंग्यूच्या भरात ही वाढ कित्येकदा दुसऱ्या सकाळपर्यंतही टिकत नाही. सिंगापूर आणि मलेशियामध्ये २०,००० किंवा त्याहून कमी काउंट असलेल्या प्रौढ डेंग्यू-रुग्णांवर झालेल्या, २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रक्तस्राव नसताना प्लेटलेट्स दिलेल्या गटात रक्तस्राव कमी झाला असे दिसले नाही, उलट त्या गटात रक्त चढवण्यामुळे होणारे त्रास दिसले. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसेल तर १०,०००च्या खाली गेल्यावरच प्लेटलेट्सचा विचार करायला सांगतात. आईंचा काउंट २४,०००च्या खाली गेला नाही आणि त्यांना कुठूनही रक्तस्राव नव्हता.

प्लेटलेट्स हे टॉनिक नव्हे, हे मला काउंटरवर फार वेळा सांगावे लागते. तांबड्या पेशी आम्ही २ ते ६ अंश सेल्सिअसला थंड ठेवतो, प्लाझ्मा गोठवतो, पण प्लेटलेट्स थंडीत खराब होतात, म्हणून त्या २० ते २४ अंशांना, सतत हलणाऱ्या फळ्यांवर, फार तर पाच दिवस ठेवता येतात. चांगली पिशवी उजेडाकडे धरून हलकेच हलवली की आतल्या प्लेटलेट्स रेशमी कापडावर उजेड सरकावा तशा चमकून फिरतात. ती चमक नसेल तर आम्ही पिशवी देत नाही. याच तापमानाला जंतूही सुखाने वाढतात, त्यामुळे रक्ताच्या सगळ्या घटकांत जंतुसंसर्गाचा धोका प्लेटलेट्सच्या पिशवीत अधिक असतो. अंगावर पुरळ, थंडी वाजून ताप, क्वचित फुप्फुसांना इजा, हेही आहेच. ज्याच्या फुप्फुसांभोवती आधीच पाणी साठते आहे त्याला गरज नसताना आणखी पिशव्या चढवणे मला कधीच पटलेले नाही.

आणि तो आकडा तरी किती विश्वासाचा? काही वर्षांपूर्वी एक तरुण रात्री दोन वाजता बहिणीसाठी प्लेटलेट्स मागायला आला. रिपोर्टवर ९,००० लिहिले होते. मुलगी मात्र घरी बसून चहा पीत होती आणि अंगावर एक लाल ठिपकाही नव्हता. मला शंका आली म्हणून तिचे रक्त काचपट्टीवर पसरून पाहिले, तर प्लेटलेट्स जागोजागी पुंजक्यांनी चिकटलेल्या होत्या. काही माणसांत जांभळ्या बुचाच्या नळीतल्या रसायनामुळे असे पुंजके होतात, यंत्राला पूर्ण पुंजका एकच कण वाटतो आणि काउंट खोटा खाली येतो. दुसऱ्या प्रकारच्या नळीत रक्त घेतल्यावर तिचा काउंट एक लाखाच्या वर निघाला. ती काचपट्टी पाहण्याचे कष्ट ज्या प्रयोगशाळेने घेतले नाहीत तिच्यावर मी तेव्हा फार संतापले होते. म्हणून काउंट आणि रुग्ण यांचा मेळ बसत नसेल तर धावपळीआधी काचपट्टीची तपासणी करून घ्यावी, आणि एकाच दिवशी दोन प्रयोगशाळांचे आकडे ताडून घाबरू नये.

पपईच्या पानांच्या रसाबद्दल तुम्ही ओझरते विचारले आहे. काही लहान अभ्यासांत काउंट जरा लवकर वाढल्याचे दिसते, पण त्याने गळती किंवा रक्तस्राव कमी होतो याचा पुरावा नाही, आणि उलट्या होत असलेल्या माणसाच्या घशात तो कडू रस ओतण्याने मात्र नक्की नुकसान होते. घरी द्यायचेच असेल तर जलसंजीवनी, ताक, पेज द्यावी. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मुळीच नको, कारण उरलेल्या प्लेटलेट्सचे कामही ती औषधे बिघडवतात.

आठव्या दिवशी पीसीव्ही ३१ झाला आणि सलाइन बंद केले, तेव्हा मामांना वाटले की आत कुठेतरी रक्तस्राव होतो आहे आणि डॉक्टरांनी वर उपचारही थांबवले. ही शंका अगदीच निराधार नव्हती, म्हणून तिचे उत्तर नीट द्यायला हवे. गळती थांबली की पोटात आणि फुप्फुसांभोवती साठलेला द्रव परत वाहिन्यांत येतो, रक्त पातळ होते आणि पीसीव्ही उतरतो. याच वेळी सलाइन चालू ठेवले तर द्रव जास्त होऊन फुप्फुसांत पाणी भरते, आणि डेंग्यूतून वाचलेला रुग्ण सलाइनने दगावण्याची वेळ येऊ शकते. पीसीव्ही आतल्या रक्तस्रावातही उतरतो, पण त्या वेळी नाडी जलद होते, रक्तदाब ढासळतो, लघवी कमी होते, आणि तेव्हा रुग्णाला रक्त द्यावे लागते. आईंना त्या दिवशी भूक लागली होती, लघवी भरपूर होत होती आणि रक्तदाब ११८/७६ होता. डॉक्टरांनी बरोबर वाचले.

आता तुमच्या पिशवीबद्दल. तुमचा गट ओ पॉझिटिव्ह, आईंचा बी पॉझिटिव्ह. तुमच्या तांबड्या पेशी आईंना चालल्या असत्या, पण त्यांना तांबड्या पेशी नकोच होत्या, आधीच रक्त घट्ट झाले होते. तुमच्या प्लाझ्मात बी गटाविरुद्धची प्रतिपिंडे असतात, त्यामुळे तुमच्या प्लेटलेट्स आईंसाठी पहिली पसंती ठरत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सख्ख्या नातेवाइकाचे रक्त सर्वांत सुरक्षित ही समजूत उलटी आहे. मुलाच्या आणि आईच्या पेशींत साम्य इतके असू शकते की दात्याच्या जिवंत पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात ओळखल्या न जाता टिकतात आणि त्याच्याच शरीरावर हल्ला चढवतात. हा प्रकार दुर्मिळ पण बहुतेक वेळा प्राणघातक असतो, आणि म्हणून जवळच्या नातेवाइकाचे रक्त द्यायचेच झाले तर त्यावर आधी किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते. शिवाय एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग व हिवताप यांच्या चाचण्या झाल्याशिवाय कोणतीही पिशवी बाहेर जात नाही. ‘आत्ता काढून आत्ता चढवा’ ही पद्धत तुमच्या हट्टानेही शक्य नव्हती.

गटाचा विषय निघालाच आहे तर या शहराच्या नावाची एक गोष्ट सांगते. १९५२ साली परळच्या केईएम रुग्णालयाशी संलग्न सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी असा गट नोंदवला की ज्याच्या तांबड्या पेशी ओ गटासारख्या दिसतात, पण ज्याच्या प्लाझ्माला ओ गटाचे रक्तही चालत नाही. जगभर तो ‘बॉम्बे’ गट म्हणून ओळखला जातो. नुसत्या पेशी तपासल्या तर असा माणूस ओ म्हणून नोंदला जाईल, म्हणून आम्ही प्रत्येक पिशवीच्या पेशीही तपासतो आणि प्लाझ्माही. तुमच्या पिशवीचे गटनिदान व्हायला ‘इतका वेळ का’ असे तुम्ही काउंटरवर विचारले असेल, तर वेळ असा जातो.

तुमचे रक्त वाया गेले असे मात्र मनात आणू नका. त्याचे घटक वेगळे झाले असतील: तांबड्या पेशी एखाद्या थॅलेसेमियाच्या मुलाला किंवा बाळंतिणीला, प्लाझ्मा यकृत निकामी झालेल्या रुग्णाला, आणि प्लेटलेट्स, पाच दिवसांच्या आत, बहुधा केमोथेरपी घेणाऱ्या कोणाला तरी. त्या रुग्णांची अस्थिमज्जाच रिकामी झालेली असते, त्यांच्यासाठी प्लेटलेट्सला पर्याय नसतो, आणि पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने मागवलेल्या पिशव्यांमुळे टंचाई होते तेव्हा पहिली झळ त्यांनाच बसते. तुम्हाला पुढचे रक्तदान ९० दिवसांनी करता येईल. मे महिन्यात आणि दिवाळीत महाविद्यालये बंद असल्याने शिबिरे होत नाहीत, तेव्हा आलात तर आम्हाला सर्वांत अधिक उपयोग होईल.

आईंबाबत दोन गोष्टी राहिल्या. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि एका प्रकाराने आलेला प्रतिकार दुसऱ्यापासून टिकाऊ संरक्षण देत नाही. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा डेंग्यू झाला तर तो अधिक तीव्र होण्याची शक्यता असते. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात ताप आलाच तर पहिल्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी, करून घ्या आणि त्यातला पीसीव्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि ते १०.८ हिमोग्लोबिन. डेंग्यूच्या गडबडीत त्याकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष झाले आहे, पण ते डेंग्यूच्या आधीचे आहे. महिन्याभराने पुन्हा सीबीसी, सोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) आणि बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. पाळी अजून येत असेल तर रक्तस्राव किती होतो तेही डॉक्टरांना सांगा, आणि पाळी गेलेली असेल व लोह कमी निघाले तर नुसत्या गोळ्या सुरू करून थांबू नका, आतड्यातून रक्त जाते आहे का ते तपासायला सांगा.